पदवी आणि फाडफाड इंग्रजी

फाडफाड इंग्रजी येत नसेल तर पदवी कशाला, हे मत मला पटत नाही. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधी आमची एबीसीडीच पाचवीत सुरू व्हायची.

माझी बहीण परभणीत केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली. ब्युरेटमधून, म्हणजे प्रयोगशाळेतल्या तोटीच्या मोजनळीतून, द्रावण थेंब थेंब सोडत, फिका गुलाबी रंग टिकला की नेमकं कुठं थांबायचं, हे ती मराठीत इतकं छान सांगते की आमचे आबाही ऐकत बसतात. मुलाखतीत 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटलं आणि तिची जीभच उचलेना. केमिस्ट्रीचं कुणी विचारलंच नाही!

इंग्रजी पुस्तक वाचून समजायला हवं, हे मान्य. पण तीन वर्षांत तिला वर्गात पाच मिनिटं तरी कुणी इंग्रजीत बोलू दिलं का? नुसत्या नोट्स उतरवून घेतल्या.