इंदूर: टूरिंग बाईकची बॅटरी उतरते, घाटात पुढचा ब्रेक मऊ पडतो. काय तपासू?

राजवाड्याचा_रायडर
नमस्कार मंडळी. चारशे सीसीची टूरिंग बाईक आहे, दोन्ही चाकांना डिस्क, एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा). सेकंडहँड घेतलेली. दिवाळीला सेंधवा-धुळे मार्गे पुण्याला आईकडे जायचंय, त्याआधी दोन दुखणी निस्तरायची आहेत.

रात्री फॉग लाइट लावून गाडी चालवली की सकाळी सेल मारल्यावर नुसतं टिक-टिक. बॅटरी नवीन आहे. मधूनच एबीएसचा दिवा पेटतो. दुसरं म्हणजे, ओंकारेश्वरला जाताना भेरूघाट उतरत होतो, तर पुढचा लिव्हर पार मुठीला टेकला! खाली चहाला थांबलो, गाडी गार झाली आणि ब्रेक पुन्हा ठीक. टाकीतलं ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं दिसतंय.

गॅरेजवाला म्हणतो, "भिया, कॉइल प्लेट भी गई, मास्टर सिलिंडर भी." म्हणजे वीज बनवणारी कॉइल आणि लिव्हरजवळचा ब्रेकचा पंप. दोन्ही बदलू का?

घाटवाट
काही बदलू नका. आणि ब्रेकचा निकाल लागेपर्यंत घाटात गाडी नेऊ नका, अगदी कळकळीने सांगतोय.

गरम झाल्यावर मऊ आणि गार झाल्यावर ठीक, म्हणजे ब्रेक ऑइल उकळतंय. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताज्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तो १५५पर्यंत येऊ शकतो. उकळलं की वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून लिव्हर मुठीपर्यंत येतो.

मास्टर सिलिंडर गेला की नाही ते घरीच कळेल. गाडी उभी असताना लिव्हर दाबून धरा. धरलेला असताना हळूहळू खाली सरकत गेला तर आतलं रबर गेलं. जागेवर राहिला तर सिलिंडरला हात लावायचं कारण नाही. लिव्हर कायमच मऊ असेल तर लाइनमध्ये हवा. लिव्हर कडक, पण गाडी थांबत नाही, तर पॅड बघा.

आता ऑइल एवढं तापलं का, हेही शोधा. पुढचं चाक उचलून हाताने फिरवा. घासत, अडत फिरलं तर कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या, सरकत्या पिना सुकल्यात. माळव्यातल्या धुळीत हे नेहमीचंच. पिना काढून साफ करा, ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा, साधं नको, रबर फुगतं. ऑइल डॉट ४च घाला, झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही. आणि बदलताना ऑइलची टाकी रिकामी पडू देऊ नका. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लागतो.

पिथमपूर_वायरमन
ब्रेकचं वर आलंच आहे. मी ऑटो इलेक्ट्रिकलचं काम करतो, वायरिंगचं सांगतो.

मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. इंजिन ४००० आरपीएमला धरून बॅटरीवरच मोजा, १३.८ ते १४.५ यायला हवं. मग फॉग लाइट लावून पुन्हा. कमी आलं तर कॉइल प्लेटच्या तीन पिवळ्या तारांचा कपलर (तारा जोडणारा प्लॅस्टिकचा सांधा) काढा आणि इंजिन चालू ठेवून दोन-दोन तारांमध्ये एसी व्होल्टेज मोजा. तिन्ही जोड्यांना जवळपास सारखं आलं, आरपीएमबरोबर वाढलं आणि इंजिन बंद करून कुठलीच तार बॉडीला लागत नसली, तर कॉइल ठणठणीत.

कपलर नीट बघा. पिवळं झालेलं प्लॅस्टिक, तपकिरी पिना दिसल्या तर रोग तिथेच. एबीएसचा दिवाही व्होल्टेज पडल्यावर पेटू शकतो, आधी सेन्सर विकत घेऊ नका.

बडोदेकर
सरळ मोठ्या अँपिअरची बॅटरी टाका ना.

पिथमपूर_वायरमन
दादा, चार्जिंगच कमी असेल तर मोठी बॅटरी जरा उशिरा उतरेल, एवढंच. भरणार कोण?

राजवाड्याचा_रायडर
मोजलं. उभी १२.५, चालू १३.२, फॉग लाइटवर १२.३. तीन पिवळ्या तारांचं व्होल्टेज सारखं, बॉडीला एकही लागत नाही. पण कपलरची एक पिन काळी पडलीय आणि प्लॅस्टिक वितळून तिला चिकटलंय. लिव्हर दाबून धरला, जागेवर राहिला. पुढचं चाक अडतंय.

पिथमपूर_वायरमन
सापडलं! कपलर कापून नवा टाका, पिना चांगल्या दाबून बसवा, नुसत्या पिळून टेप गुंडाळू नका. फॉग लाइट हेडलाइटच्या तारेवर असतील तर बॅटरीवरून रिले (बटणावर चालणारा वेगळा विजेचा स्विच) आणि वेगळा फ्यूज घालून घ्या. मग पुन्हा मोजा. तरीही १३.८ आलं नाही तर आरआर युनिट (कॉइलची वीज बॅटरीजोगी करणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) बघू.

घाटवाट
आणि कॅलिपरच्या पिना साफ करून, ब्रेक ऑइल बदलून झालं की आधी बायपासवर चालवा. दहा किलोमीटर ब्रेक फारसा न लावता जा, थांबून डिस्कजवळ हात न्या, लावू नका. धग आली तर ब्रेक अजून अडतोय. मानपूरच्या पुढे निमाडात उतरताना आणि सेंधव्यानंतर बिजासन घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, मागचा-पुढचा दोन्ही ब्रेक लावा आणि सोडत राहा, धरून ठेवू नका. ट्रकच्या मागे चिकटू नका. आकडे आले की इथे टाका.