युरोव्हिजनमध्ये पोर्तुगालच्या गाण्याला मत द्यावं का? घरात वाद झालाय

फोंडेकरीण:
नमस्कार मंडळी. माझ्या दहावीतल्या मुलीला युरोव्हिजनचं, म्हणजे युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेचं, वेड आहे, फायनल आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होते तरी मे महिन्याची सुट्टी म्हणून मी जागू देते. या वेळी ती पोर्तुगालच्या गाण्याला मत देणार म्हणतेय. आता अडचण अशी की माझे सासरे गोवा मुक्तीच्या चळवळीत आग्वादच्या तुरुंगात होते. परवा तिने हॉलमधल्या टीव्हीवर ते गाणं लावलं, ते ताटावरून उठले, हात धुतले आणि बाहेर सोप्यावर जाऊन बसले. एक शब्द बोलले नाहीत, पण मला कसंतरीच झालं. मुलगी म्हणते गाण्याचा आणि त्या वेळच्या पोर्तुगीज हुकूमशहाचा, सालाझारचा, काय संबंध. तुम्हाला काय वाटतं? आणि इथून मत देता येतं का मुळात?

मडगावकर:
मत देता येतं. २०२३ पासून स्पर्धेत नसलेल्या देशांतल्या लोकांनाही ऑनलाइन मत देता येतं, कार्डाने पैसे भरून, आणि सगळ्या बाहेरच्या जगाची मतं मिळून एका देशाइतकी धरतात.
पण ताई, मुलीला १९७४ चं सांगा. त्या वर्षी ६ एप्रिलला इंग्लंडमध्ये ब्रायटनला झालेल्या युरोव्हिजनमध्ये स्वीडनचा आबा (ABBA) हा बँड जिंकला आणि पाउलो द कार्व्हाल्यो पोर्तुगालसाठी 'ई देपोइश दु अदेउश' गायला, म्हणजे 'आणि निरोपानंतर'. फक्त ३ गुण, शेवटच्या नंबरात. साधं प्रेमभंगाचं गाणं, सरकारला संशय यायचं कारणच नाही, म्हणूनच लष्करातल्या बंडखोर अधिकाऱ्यांनी ते खूण म्हणून निवडलं. २४ एप्रिलला रात्री १०:५५ ला लिस्बनच्या रेडिओवर ते वाजलं, मध्यरात्रीनंतर दुसरं एक गाणं वाजलं आणि सैन्य बाहेर पडलं. दुसऱ्या दिवशी जवळपास अर्धशतकाची हुकूमशाही संपली, लोकांनी सैनिकांच्या बंदुकीच्या नळीत कार्नेशनची फुलं खोचली. तोपर्यंत पोर्तुगाल कागदावर गोवा आपलाच म्हणत होता. नवीन सरकार आलं आणि ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करारावर सही करून त्यांनी गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. मला तर ते गाणं ऐकताना अजून काटा येतो.

डिचोलीकर:
माहिती बरोबर आहे, पण वाचणाऱ्या मुलांचा गैरसमज नको. गोवा १९ डिसेंबर १९६१ लाच मुक्त झाला, आपल्या सैन्याने केला, आणि त्याआधी फोंडेकरीण ताईंच्या सासऱ्यांसारख्या माणसांनी मार खाल्ला म्हणून झाला. ते बंडसुद्धा अँगोला, मोझांबिक, गिनी या आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींतल्या लढायांना कंटाळलेल्या अधिकाऱ्यांचं होतं, आपल्यासाठी कोणी केलं नाही. आजोबा उठून गेले तर त्यांना तो हक्क आहे, मुलीने तेवढं समजून घ्यावं.

म्हापशाचा श्रोता:
दोघांचंही पटतं. मी फक्त गाण्याबद्दल बोलतो, कारण भजनाच्या आणि नाट्यगीतांच्या घरात वाढलोय. पोर्तुगाल १९६४ पासून स्पर्धेत आहे, पहिल्याच वर्षी शून्य गुण. १९९९ पासून कुठल्याही भाषेत गायची मुभा आली, बरेच देश इंग्रजीकडे वळले, हे मात्र जवळजवळ दर वर्षी पोर्तुगीजमध्येच गातात (२०२१ ला पहिल्यांदा अख्खं गाणं इंग्रजीत होतं). आणि २०१७ ला कीव्हमध्ये साल्व्हादोर सोब्राल, हृदयाचा आजार असलेला मुलगा, ना नाच ना आतषबाजी, एकटा उभा राहून बहिणीने बांधलेलं गाणं हळू आवाजात गायला आणि ७५८ गुणांनी जिंकला. देशाचा पहिला विजय. शेवटी बहिणीला स्टेजवर बोलावून दोघं मिळून गायले, ते जरूर बघा, ओळ सोडताना तो जो श्वास घेतो ना, तिथे आपल्याकडची ठुमरी आठवते मला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच्यावर हृदय प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. आपली भाषा लहान आहे म्हणून कोणी ऐकणार नाही असं आपण मराठी-कोकणीवाले फार पटकन म्हणतो.

फोंडेकरीण:
सगळ्यांचे खूप आभार. काल संध्याकाळी सासऱ्यांना सोप्यावर बसून हे सगळं वाचून दाखवलं. ३१ डिसेंबरचं त्यांना पक्कं आठवत होतं, गाण्याचं माहीत नव्हतं. मुलीने मोबाईलवर ते १९७४ चं लावलं तर डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि मग तिला एकेका शब्दाचा अर्थ सांगत बसले, त्यांना इतकी पोर्तुगीज येते हे मला लग्नाला अठरा वर्षं होऊन माहीत नव्हतं. मताचं विचारलं तर म्हणाले, "ऐक गो बाय, हवं तितकं ऐक. मत मात्र माझ्या घरातून नको." मुलीने ऐकलं. फायनलला मात्र दोघं जागणार आहेत.