रक्त 'पातळ' करणारी गोळी : नेमकी कोणती?

मुक्ताफळ :
रुग्णांना द्यायच्या एका माहितीपत्रकाचा मराठी मजकूर करते आहे. रुग्णाला एट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित. त्यासाठी अपिक्साबॅन आधीपासून चालू. आता अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला, म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलची भर पडली. बोलताना आपण या तिन्हींना 'रक्त पातळ करणारी गोळी' म्हणतो. पुढे पत्रकात आहे की यातली एक लवकरच बंद, दुसरी काही महिन्यांनी बंद, तिसरी चालूच ठेवायची. नाव एकच ठेवलं तर घरचे कोणती बंद करतील? वेगळे शब्द सुचवा. 'स्कंदनरोधी' नको, तो हिंदीतला आहे.

जुनीपेटी :
मराठी विश्वकोशाच्या वळणाने जायचं तर 'रक्तक्लथन' (रक्त गोठणं) आणि 'बिंबाणू' (प्लेटलेट्स) तयार आहेत. त्यावरून क्लथनरोधक आणि बिंबाणुरोधक. घडण चोख आहे, पण 'क्लथन' हा शब्द कुणाच्या तोंडी मी तरी ऐकलेला नाही. बोलीत 'साकळणे' आहे. मुका मार लागला की रक्त साकळतं, मग तिथे काळंनिळं होतं. 'साखळणे' असंही लिहितात. मला 'साकळणे' बरं वाटतं, उगीच साखळीची आठवण होत नाही.

बिनटाका :
हृदयरोग विभागात काम करतो, म्हणून शब्दाआधी थोडं शरीराबद्दल. यातल्या कुठल्याही गोळीने रक्त पातळ होत नाही. त्याचा दाटपणा होता तेवढाच राहतो. फक्त गुठळी होण्याची क्रिया मंदावते, आणि ती क्रिया दोन वाटांनी होते.

स्टेंट ही धमनीतली धातूची जाळी. तिथे रक्त जोरात वाहतं. जाळी शरीराला परकी, म्हणून प्लेटलेट्स, म्हणजे गुठळी करणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी, तिला चिकटतात, एकमेकींनाही चिकटतात आणि ढीग होतो. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल हे चिकटणं थांबवतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये बिघाड उलटा आहे. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, त्यातल्या डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यातल्या पिशवीत रक्त तुंबतं आणि फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांत अडकून साकळतं. ती गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात. तिथे अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान किंवा जुनं वॉर्फरिन लागतं. स्टेंटसाठी अपिक्साबॅन पुरत नाही आणि पक्षाघात टाळायला अ‍ॅस्पिरिन पुरत नाही. म्हणून अशा रुग्णाला दोन्ही जातींची औषधं द्यावी लागतात. सगळा घोळ या 'दोन्ही'त आहे.

पूर्वी तिन्ही गोळ्या महिनोन् महिने चालायच्या आणि माणसं रक्तस्रावाने परत यायची. 2013 साली नेदरलँड्स आणि बेल्जियममधली वोएस्ट ही चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात 573 रुग्ण होते. तिन्ही औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे 44 टक्के लोकांना वर्षभरात लहानमोठा रक्तस्राव झाला. अ‍ॅस्पिरिन वगळलेल्यांत तेच प्रमाण सुमारे 19 टक्के होतं. चाचणी छोटी होती, पण 2019च्या ऑगस्टस चाचणीत 4,600हून अधिक रुग्ण होते आणि तिथेही अ‍ॅस्पिरिनने रक्तस्राव वाढलेलाच दिसला. आता बहुतेकांना अ‍ॅस्पिरिन साधारण आठवडाभर, गुठळीचा धोका फारच असेल तर महिनाभर. क्लोपिडोग्रेल ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर सहा महिने, हार्ट अटॅकनंतर वर्षभर. त्यानंतर एकटं अपिक्साबॅन किंवा त्याच्या जातीचं औषध. प्रत्येकाचं गणित वेगळं, तारीख ज्याच्या-त्याच्या डॉक्टरने लिहायची. पत्रकात मात्र दोन जातींना दोन नावं हवीतच.

खडूफळा :
एवढं कशाला? 'पातळ' रुळलेला शब्द आहे. सूर्य उगवत नाही हे माहीत असूनही आपण 'उगवतो' म्हणतोच की.

गोळीवाला :
सूर्याची गोळी चुकत नाही, साहेब. सांगलीत औषधाचं दुकान आहे, 'पातळ'चे दोन परिणाम काउंटरवर बघतो. एक, लोकांना वाटतं रक्त पातळ म्हणजे अंगातलं रक्त कमी. मग अशक्तपणा आला की गोळी बंद आणि बीट-खजूर सुरू. दोन, 'रक्त पातळ करणारी' आणि 'रक्त शुद्ध करणारी' यात गल्लत. काढा चालू आहे, मग गोळी कशाला, असं विचारतात.

आणखी एक, हे पत्रकात घालाच. अ‍ॅस्पिरिन बंद करा म्हटलं की लोक 'अ‍ॅस्पिरिन' लिहिलेली पट्टी शोधतात. आपल्याकडे ते बऱ्याचदा जोडगोळीत असतं. क्लोपिडोग्रेलच्या नावापुढे 'ए' असेल तर बहुधा आत अ‍ॅस्पिरिन आहे. कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या नावापुढे 'गोल्ड' असेल तर बऱ्याच वेळा अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही आत. सुटी अ‍ॅस्पिरिन थांबवून 'गोल्ड' चालू ठेवणारे भेटतात, नाहीतर 'गोल्ड' पूर्ण टाकून क्लोपिडोग्रेलही घालवणारे. दुसरी चूक जास्त वाईट, नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

जुनीपेटी :
'रक्ताचं पाणी करणे' म्हणजे अपार कष्ट उपसणे, हे लहानपणापासून कानावर असल्यावर पातळ रक्ताची धास्ती वाटणारच. बिंबाणूंचीही तीच कथा. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट्स घसरल्या की लोक 'पांढऱ्या पेशी कमी झाल्या' म्हणतात. म्हणून 'बिंबाणुरोधक' मी मागे घेतो.

आणि 'वॉर्फरिन'ची गंमत : त्यातलं 'वॉर्फ' म्हणजे विस्कॉन्सिन अ‍ॅल्युमनाय रिसर्च फाउंडेशनची आद्याक्षरं. सडक्या गवताने गुरांना रक्तस्राव होई, त्या शोधातून हे औषध निघालं. 1948 साली ते आधी उंदीर मारायचं विष म्हणून बाजारात आलं.

बिनटाका :
ते पत्रकात नको, कोणी गोळी घेणार नाही! पण वॉर्फरिनची वेगळी ओळ हवी. धातूची कृत्रिम झडप बसवलेल्यांना किंवा संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप बरीच अरुंद झालेल्यांना अपिक्साबॅनची जात चालत नाही. त्यांना वॉर्फरिन किंवा त्याच्याच जातीचं अ‍ॅसिनोकुमारॉल, आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, तपासत राहायचं. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व या औषधाच्या उलट काम करतं, तरी ती बंद करायची नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं.

मुक्ताफळ :
मग असं लिहिते. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल : 'स्टेंटमध्ये गुठळी होऊ न देणारी गोळी'. अपिक्साबॅन : 'हृदयाच्या कप्प्यात रक्त साकळू न देणारी गोळी'. पुढे औषधाचं नाव, थांबवायची तारीख आणि जोडगोळीची सूचना. लांब आहे, पण जागा सांगितल्यावर गोळी कशासाठी ते कळतं. झडपेवाल्यांसाठी वेगळं पत्रक करते.

खडूफळा :
बरं, हरलो. पण तुमच्या मसुद्यात 'रक्तस्त्राव' आहे, तो 'रक्तस्राव' करा. 'स्त्री'तला त तिथे नाही.

गोळीवाला :
दोन्हीपेक्षा 'शौचाला डांबरासारखी काळी होणे, हिरड्यांतून रक्त न थांबणे, लघवी लाल होणे' असं लिहा. लोहाची गोळी चालू असली तरी शौचाला काळी होते, तेही सांगा, म्हणजे विनाकारण घाबरून सगळ्याच गोळ्या सोडणार नाहीत. काही दिसलं तर गोळी आपल्या मनाने न थांबवता त्याच दिवशी फोन.