पुन्हा: हायपरकार्डची सुरुवात कुठून करायची?

नमस्कार मंडळी,

मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी हायपरकार्ड निवडलंय, म्हणजे अ‍ॅपलच्या जुन्या मॅक संगणकावरचं, मजकुराची कार्डं बटणांनी एकमेकांना जोडायचं सॉफ्टवेअर. वेबच्या आधी लिंका कशा जोडत, हे त्याला स्वतः करून दाखवायचंय. ‘इन्फिनिट मॅक’ या साइटवर ब्राउझरमध्येच जुना मॅक चालू झाला, हायपरकार्डही उघडलं, पण नवीन बटण करायची सोय मेनूत कुठेच दिसत नाही. आजीची पाककृतींची वही त्यात उतरवायचा बेत आहे. जुन्या मॅकवर काम केलेलं कोणी आहे का?

— मराठी शाळेची ताई

*

ताई, नमस्कार.

वाचून फार बरं वाटलं. बटण सापडत नाही, कारण तुमची ‘युजर लेव्हल’ खालची आहे. अशा पाच पातळ्या असतात; पहिलीत नुसतं बघता येतं, पाचवीत स्क्रिप्टही (म्हणजे बटणाने काय करायचं त्याच्या सूचना) लिहिता येते. ‘गो’ मेनूतलं ‘मेसेज’ निवडा. एका ओळीची खिडकी येईल, तीत इंग्रजीत ‘सेट युजरलेव्हल टू ५’ टाइप करून रिटर्न दाबा. ‘ऑब्जेक्ट्स’ हा मेनू उगवेल.

आता लगेच कार्डं भरायला बसू नका. आधी ‘एडिट’मधून ‘बॅकग्राउंड’मध्ये जा, मेनूच्या पट्टीभोवती तिरप्या रेघा दिसल्या की तुम्ही तिथे पोचलात. नाव, साहित्य आणि कृती अशी तीन फील्ड, म्हणजे मजकुराच्या चौकटी, तिथे करा. चौकटी सगळ्या कार्डांवर त्याच राहतात, मजकूर मात्र प्रत्येक कार्डाचा वेगळा. हे आधी केलं नाही, तर प्रत्येक पाककृतीला चौकटी नव्याने आखत बसावं लागेल. मग बॅकग्राउंडमधून बाहेर या आणि ‘न्यू कार्ड’ घेत चला.

लिंकेसाठी उदाहरण वहीतच आहे. पुरणपोळीच्या कार्डावर ‘न्यू बटण’ घ्या, त्यावर दोनदा क्लिक करा, ‘लिंक टू’ म्हणा. छोटी खिडकी तरंगत राहील. ती तशीच ठेवून कटाच्या आमटीच्या कार्डावर जा आणि ‘धिस कार्ड’ दाबा. झाली लिंक! मुलाला त्या बटणाची स्क्रिप्ट उघडून दाखवा: त्या कार्डाचा क्रमांक घालून ‘गो टू कार्ड’ची ओळ हायपरकार्डने स्वतःच लिहिलेली असते. प्रोग्रॅमिंग न शिकलेल्या माणसाला प्रोग्रॅमिंगची गोडी लावायची याहून चांगली रीत मी पाहिली नाही. गोडा मसाला लागतो त्या प्रत्येक पाककृतीवरून मसाल्याच्या एकाच कार्डाकडे बटण न्या, म्हणजे प्रमाण बदललं तर एकाच ठिकाणी बदलावं लागेल.

‘सेव्ह’ शोधू नका, ते नाहीच. बदल आपोआप डिस्कवर लिहिला जातो. म्हणून मोठा फेरफार करण्याआधी ‘सेव्ह अ कॉपी’ कराच.

प्रकल्पात थोडा इतिहासही येऊ द्या. बिल अ‍ॅटकिन्सन यांनी हे बनवलं, त्याची हायपरटॉक भाषा डॅन विंकलर यांची. १९८७ मध्ये ते आलं आणि अ‍ॅटकिन्सन यांच्या आग्रहामुळे नव्या मॅकबरोबर फुकट मिळू लागलं. ‘मिस्ट’ हा १९९३ चा गाजलेला गेमही मॅकवर यातच उभा राहिला. पण लिंक जायची ती आपल्याच डिस्कवरच्या कार्डाकडे किंवा स्टॅककडे (म्हणजे कार्डांच्या गठ्ठ्याकडे), जगातल्या परक्या संगणकावर नाही. वेबने नेमकी ही भिंत पाडली. मुलाने हा फरक दाखवला, तर प्रकल्पाचं चीज होईल.

— ग्रंथालयाचे काका

*

काका, मनापासून आभार! ऑब्जेक्ट्स मेनू आला, आमटीची लिंकही चालली. फील्डमध्ये देवनागरी मात्र उमटत नाही. काय करू?

*

ताई, ते सॉफ्टवेअर युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या संगणकाच्या सामायिक पद्धतीच्या) आधीचं, त्यामुळे आपला कीबोर्ड त्यात चालायचा नाही. मजकूर रोमनमध्ये टाइप करा. पदार्थाचं नाव मात्र ‘टूल्स’मधला ब्रश घेऊन कार्डावर हाताने काढा, चित्र असल्यामुळे लिपीची अडचण येत नाही. आणि स्टॅक त्या साइटच्या ‘सेव्हड’ डिस्कवर ठेवा, नाहीतर टॅब बंद केला की सगळं जाईल.