हॉप्सवाली बिअर: पहिल्या घोटात तुम्हाला कसला वास आला?

पपनसाची_फोड
काल गणपतीसमोर ठेवायला पपनस सोलत होते. जाड साल नखाने उचकटली, तेलाचा बारीक फवारा मनगटावर उडाला आणि एकदम अमेरिकेतलं याकिमा आठवलं, हॉप्सच्या शेतांचं खोरं.

२०१४. तेव्हा आम्ही पोर्टलंडला होतो. ऑगस्ट संपत आलेला. इकडे आईकडे मखराची गडबड आणि तिकडे हॉप्सची, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलाच्या बोंडांची, तोडणी. ऑफिसातल्या एक वयस्कर बाई बिअरच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून जायच्या, त्या मला शेतावर घेऊन गेल्या. तारांवर चढवलेले वेल, तीन पुरुष उंच. त्यांनी एक बोंड तोडून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, चुरड. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळीधमक पूड, बोटांना चिकटणारी. वास घेतला तर पपनसाची साल, कैरीचा चीक आणि मागे कुठेतरी धुपातली राळ.

तोवर मला आयपीए (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्सची कडवट बिअर) म्हणजे काढा वाटायचा. त्या संध्याकाळी त्यांनी प्यायला शिकवलं. ग्लास अर्धाच भरायचा. फेस बसायच्या आत नाक घालायचं, कारण पहिला वास परत मिळत नाही. मग लहान घोट, आणि तो गिळायचा. वाइनसारखा थुंकायचा नाही, कारण खरा कडूपणा गिळल्यावर घशाशी उमलतो. मग गप्प बसायचं आणि तो जाताना तोंडात काय ठेवून जातो ते बघायचं.

त्यांच्या परीक्षकांच्या कागदावर ५० गुण असतात: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५, एकूण परिणामाला १०. दिसण्याला फक्त ३, हे मला फार पटलं. त्या 'ग्रेपफ्रूट, पाइन' लिहायच्या. मी पपनस, राळ, कैरीचा चीक लिहिलं. कैरीचा चीक म्हणजे काय, ते मला देठ काढून दाखवावं तशी खूण करून सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, तुझ्या नाकाला जे आठवतं तेच लिही, माझे शब्द नकोत.

तुम्हीही लिहा. आपल्या घरातल्या वासांत.

खाडीपलीकडे
तिरफळ!!! इतकी वर्षं मला शब्द सापडत नव्हता, आता तुमचं वाचताना सापडला. गोव्यात एका मित्राने आयपीए दिली तेव्हा पहिल्या वासालाच वाटलं की हे मी रोज खातो. ओलं हिरवं तिरफळ ठेचलं की येतो तोच वास, लिंबाच्या सालीसारखा आणि वर जिभेला झिणझिणी आणणारा. बिअरमध्ये ती झिणझिणी नसते, पण नाक फसतं.

मेथी_मोहरी
तिरफळं कुठे मिळतात ओली? ठाण्यात फक्त सुकी दिसतात.

खाडीपलीकडे
@मेथी_मोहरी सुकीच घ्या, पण आतलं काळं बी काढून टाका, फक्त साल. बांगड्याच्या आमटीत ठेचून शेवटी टाकायची.

तळघरातला_हंडा
मी न्यू जर्सीत घरी बिअर करतो. इथे १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली, दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत.

हॉप्स समजायला आपला स्वयंपाक फार कामी येतो. सुरुवातीला टाकून तासभर उकळलेले हॉप्स फक्त कडूपणा देतात, वास वाफेबरोबर जातो. ती झाली फोडणी. शेवटच्या पाच-दहा मिनिटांत टाकले की थोडा वास उरतो. आणि बिअर आंबत असताना किंवा आंबून झाल्यावर थंडपणी नुसते भिजत घालतात ते म्हणजे वरून पेरलेली कोथिंबीर. आयपीएचा घमघमाट त्या कोथिंबिरीतून येतो.

पण माझी आठवण मोदकांची आहे. हॉप्सच्या दाबलेल्या गोळ्या फ्रीजरमध्ये ठेवतात. मी अर्धवट वापरलेलं सिट्रा जातीच्या हॉप्सचं पाकीट रबरबँड लावून ठेवलं होतं, शेजारी बायकोने खवून ठेवलेलं ओलं खोबरं. चतुर्थीला सारण केलं. सासूबाई भारतातून आल्या होत्या. पहिला मोदक फोडला, तूप सोडलं, खाल्ला आणि म्हणाल्या, "अगं, गवती चहा घातलास का सारणात? छान लागतोय." बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही, दुसरा मोदक वाढून घेतला. खरंच छान लागत होता.

पपनसाची_फोड
@तळघरातला_हंडा अहो काय सुंदर!! सासूबाईंचं नाक पक्कं. सिट्राला लिंबाकडे झुकणारा वास येतोच.

उंबरठा७
नंतर सांगितलंत का त्यांना?

तळघरातला_हंडा
@उंबरठा७ सांगितलं पुढच्या वर्षी. म्हणाल्या, मग पाकीट नीट बंद करून ठेवत जा, खोबरं नासतं.

कारल्याच्या_काचऱ्या
कुकर होईपर्यंत लिहिते. नवरा पितो, मी चव घेते. लोक म्हणतात आयपीए कडू असते म्हणून चांगली किंवा कडू असते म्हणून वाईट. मला हे पटत नाही. कडू-कडूत फरक असतो की नाही? कारल्याच्या कुरकुरीत काचऱ्यांचा कडूपणा येतो, तोंड स्वच्छ करतो आणि जातो, पुढचा घास हवासा वाटतो. फोडणीत मेथीदाणे करपले की जो कडूपणा येतो तो जिभेला चिकटून बसतो, अख्खी भाजी वाया. बिअर पारखताना मी एवढंच बघते, काचऱ्या की करपलेली मेथी. चिंचवडला एका ठिकाणी घेतलेली चक्क करपलेली मेथी होती, अर्धी ठेवून आलो. शिट्टी झाली, जाते.

पपनसाची_फोड
हे वाक्य वहीत उतरवून घेतलं.

डेक्कनचा_बाक
पुण्यात २००९ मध्ये डूलाली, स्वतःची बिअर बनवणारं ठिकाण, सुरू झालं तेव्हा मी पंचविशीत होतो. त्याआधी आमच्यासाठी बिअर म्हणजे बर्फासारखी गार, चव कळूच नये इतकी. कितीतरी वर्षं आयपीएही तशीच पीत राहिलो. गोठवलेला मग मागायचा, वर तक्रार की वास येत नाही. ७ ते १० अंशांना प्यायला लागल्यापासून फरक कळला. आता ग्लास आला की पाच-सात मिनिटं नुसता ठेवतो. मित्र कंटाळतात, पण त्यांनाही सवय लागली हळूहळू.

वाऱ्यावरची_वरात_नव्हे
कोणी हिरव्या बाटलीतल्या बिअरचा दर्प अनुभवलाय का? एका दुकानाने बाटल्या काचेच्या कपाटात, थेट उन्हात ठेवल्या होत्या. घरी वडिलांच्या साठीला उघडली आणि हिंगाच्या डब्यात लसूण सडल्यासारखा भपकारा. सगळ्यांसमोर. नंतर कळलं की हॉप्समधल्या कडू द्रव्यावर उजेड पडला की गंधकाचा घाण वास तयार होतो. तपकिरी काच बराच उजेड अडवते, हिरवी फारसा नाही. कॅन सगळ्यात बरा. बाबांनी मात्र शांतपणे ग्लास बाजूला ठेवला आणि म्हणाले, चला, सरबत करा. त्यांची ती साठी तशीच लक्षात राहिली. आता ते नाहीत.

मेथी_मोहरी
@वाऱ्यावरची_वरात_नव्हे 🙏 बाबा गोड होते.

सुटलेली_गाठ
मी वाचूनच लिहितोय, कारण दारू सोडून चार वर्षं झाली. पण हॉप्सचा वास मला अजून आवडतो आणि त्याचं अपराधी वाटायचं. हा धागा वाचून जरा मोकळं वाटलं.

पपनसाची_फोड
@सुटलेली_गाठ अपराधी कशाला. वास हा झाडाचा आहे, दारूचा नाही. हॉप्स घातलेलं बिनदारूचं सोड्याचं पाणीही मिळतं काही ठिकाणी. पण तुमच्या डॉक्टरांना किंवा गटातल्या माणसांना विचारून मगच घ्या, काहींना त्या वासानेच तल्लफ येते. चार वर्षं म्हणजे मोठी गोष्ट आहे.

सुटलेली_गाठ
विचारतो. धन्यवाद ताई.

कागदपत्री
इंडिया पेल एलबद्दल एक सांगायचंय. 'जहाजावर टिकावी म्हणून खास शोधली' असं सरसकट सांगतात, ते तितकं सरळ नाही. पोर्टर ही काळी बिअरही हिंदुस्थानात येतच होती आणि टिकत होती. लंडनमध्ये बो इथल्या हॉजसनची दारूभट्टी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ होती, कप्तान तिथून माल उचलायचे. १८२० च्या दशकात इंग्लंडातल्या बर्टन गावच्या बिअरवाल्यांनी उडी घेतली. तिथल्या पाण्यात जिप्सम हे खनिज भरपूर, त्याने हॉप्सचा कडूपणा धारदार आणि कोरडा लागतो. म्हणजे चवीमागे पाणीही आहे, नुसता वेल नाही. हॉप्समुळे बिअर कमी नासते हे मात्र खरं.

डेक्कनचा_बाक
पाण्याचं अगदी खरं. चहाचंही तसंच, पुण्याच्या आणि आमच्या गावच्या बोअरच्या पाण्यात फरक पडतो.

उंबरठा७
चहावर वेगळा धागा काढा 😀

बर्फाळ_वाट
लाहौलला ट्रेकला गेलो तेव्हा केलाँगच्या बाजूला तारांवर चढलेले वेल दिसले. वाटाड्या म्हणाला, हॉप्स. आपल्या देशात होतात हे तोवर माहीत नव्हतं. एक बोंड चुरडलं, माझ्या नाकाला ओल्या देवदाराचा आणि संत्र्याच्या सालीचा वास आला. दोन दिवस टोपीला येत होता.

तळघरातला_हंडा
@बर्फाळ_वाट ताजी बोंडं! नशीबवान आहात. ओल्या हॉप्सची बिअर करायची तर तोडल्यापासून साधारण दिवसभरात हंड्यात जावी लागतात, म्हणून ती तोडणीच्या हंगामातच होते. आणि धुकट, म्हणजे गढूळ दिसणारी, आयपीए घेणाऱ्यांनो, कॅनवरची तारीख बघा. माझी एक खेप बाटलीत भरताना हवा लागून तीन आठवड्यांत राखाडी पडली, वास भिजलेल्या पुठ्ठ्याचा. वीस बाटल्या मोरीत ओतल्या, फार जीव तुटला.

कारल्याच्या_काचऱ्या
आले परत. वीस?? अरेरे.

मेथी_मोहरी
पपनसाच्या सालीचं काय करता तुम्ही सगळे? फेकवत नाही.

पपनसाची_फोड
@मेथी_मोहरी पांढरा गर काढून टाकायचा, नाहीतर कडू होतं. वरची पिवळी साल बारीक चिरून दोनदा उकळायची, पाणी टाकायचं, मग साखरेच्या पाकात. आत्ता गॅसवर तीच आहे, घर दरवळतंय.