ट्रेलबद्दल तक्रार आली की काय करता?

कॅलिफोर्नियात घोड्यांच्या ५० मैलांच्या एन्ड्युरन्स राइडला (लांब पल्ल्याच्या शर्यतीला) मदतनीस आहे. दोघी रायडर चिडून सांगत होत्या, नाल्यानंतरच्या उतारावर सुटे दगड, वळणावरची वाट दाखवणारी रिबीनही गायब. मॅनेजर म्हणतो, ट्रेल असाच असतो. आता?

खोगीरवाला: दगड असायचेच. रिबीन मात्र आयोजकाची जबाबदारी, आत्ताच माणूस पाठवून बांधून घ्या. गाई खातात हो त्या, खरंच!

रेवा: टेव्हिस कपला (कॅलिफोर्नियातली १०० मैलांची अशीच राइड) कूगर रॉक हा अवघड खडक टाळायला बाजूने वाट आहे. तसं काही जमतंय का बघा, आणि पुढच्या वेळी राइडच्या आदल्या संध्याकाळच्या मीटिंगमध्ये सांगा.

खोगीरवाला: आणि तक्रार व्हेट चेकलाच (वाटेत घोडे तपासतात तिथेच) लिहून घ्या, कितव्या मैलावर ते विचारून. रात्री जेवताना प्रत्येक उतार कडा झालेला असतो.