आंबोलीच्या जंगलात रात्री करवतीचा आवाज आणि वर भाताचा वास, नक्की काय होतं?

तिखटपोहे : हसू नका प्लीज. मे महिन्यात आजोळी गेलेलो, आंबोलीच्या अलीकडे आतमध्ये वाडी आहे. मित्राने बाईकवर फाट्यापर्यंत सोडलं तेव्हा अकरा वाजून गेलेले, मामा बॅटरी घेऊन न्यायला आलेला, तिथून दीड-दोन किलोमीटर चालत, दोन्ही बाजूला गच्च रान. अर्ध्या वाटेत डावीकडून आवाज सुरू झाला, अगदी कोणीतरी मोठ्या करवतीने लाकूड कापतंय असा, खर्र... खर्र... खर्र..., मला वाटलं लाकूडचोर असणार. पण उजेड नाही, माणसांचं बोलणं नाही, आठ-दहा वेळा झाला आणि बंद. मग रातकिडे पण गप्प. दोन मिनिटांनी वरच्या अंगाला कुत्रं भुंकायला लागलं, एकेकच भुंकणं, थांबून थांबून, आणि तिथे वस्ती नाहीये हे मला माहितीये. आणि पुढच्या वळणावर चक्क ताज्या शिजलेल्या भाताचा वास!! आंबेमोहोर शिजतो ना तसा. माझे पाय लटपटायला लागले. मामा एरवी दिवसभरात चार वाक्यं बोलणारा माणूस, तो त्या वाटेवर काजूच्या भावावर नॉनस्टॉप मोठमोठ्याने बोलत सुटलेला आणि माझं मनगट घट्ट धरलेलं. घरी गेल्यावर विचारलं तर "जेव आनि नीज" एवढंच.

बांद्याची_बाय : राखणदार असतलो. आमच्याकडे म्हणतात तो रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो, दिसत नाही, फक्त काठीचा नाहीतर वहाणांचा आवाज येतो. घाबरायचं नाही, नारळ ठेवून यायचा. माझी आजी तर त्याला विडी पण ठेवायची.

सह्यवेडा : राखणदाराबद्दल काही म्हणत नाही बाय, पण करवत म्हणजे शंभर टक्के बिबट्या. त्याची डरकाळी वाघासारखी नसते, श्वास आत घेताना आणि सोडताना दोन्ही वेळेला आवाज येतो म्हणून ऐकणाऱ्याला करवत पुढे-मागे केल्यासारखं वाटतं. हद्द सांगायला नाहीतर जोडीदाराला बोलवायला करतो, म्हणजे तुमच्यावर चिडून नव्हता ओरडत. आणि ते कुत्रं नाही, भेकर. हरणाच्या जातीतलं छोटंसं जनावर, पण भुंकतं डिट्टो कुत्र्यासारखं, बिबट्याची चाहूल लागली की अर्धा अर्धा तास एकेक भुंक चालू असते. सांबर असतं तर भोंगा वाजवल्यासारखं "ढँक" केलं असतं.

तिखटपोहे : आईशप्पथ अंगावर काटा आला. पण मग भाताचं काय? बिबट्या भात शिजवत नाही ना 😅

कुंपणावरचा : भात म्हणजे उदमांजर, आमच्याकडे कांडेचोर म्हणतात. बासमती-आंबेमोहोरला जो वास असतो ना, तेच रसायन याच्या गंधात असतं, झाडावर खूण करून ठेवतं. वाघ हद्दीची खूण करायला मूत्राचा फवारा मारतो त्यात पण ते सापडलंय, बिबट्याचं मला खात्रीने माहीत नाही, पण मे महिन्यात फणस-करवंदं पिकलेली असताना कांडेचोर तिथे असणारच. आमच्या माळ्यावर एक राहायचं, आई रोज सकाळी विचारायची भात कोणी लावलाय एवढ्या लवकर. गावात काही जण हा वास धामण सापाचा म्हणतात, त्यात दम नाही.

सह्यवेडा : आणि रातकिडे गप्प झाले ते बहुतेक तुम्ही दोघं जवळून चालत होतात म्हणून, जवळ पाय वाजले की ते गप्पच होतात. बिबट्या गाडीवाटेने चालतो, पावलांचा आवाज शून्य, त्यामुळे तो मागे होता की पुढे निघून गेला होता हे तुम्हाला कळणारच नाही. पुढच्या वेळी पळू नका, मोठ्याने बोलत चाला.

तिखटपोहे : आत्ता मामाला फोन केला, हे सगळं सांगितलं. हसत बसला आणि म्हणाला, "माका तवाच कळला होता, पण तुका सांगलय असता तर तू पळालो असतस." तरीच एकच भाव तीन-तीनदा सांगत होता. पुढच्या महिन्यात परत जायचंय, या वेळी दुपारीच पोचणार.

बांद्याची_बाय : तरीपण एक नारळ ठेव रे.